गुणांचा कर्ता कोण?

विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल लागला की विद्यार्थ्यांच्या तोंडी जी भाषा येते, ती जरा लक्ष देऊन ऐकण्याजोगी असते. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ‘मी पास झालो’ असे म्हणतो. अनुत्तीर्ण झालेला ‘मला नापास केले’ असे सांगतो. चांगले गुण ‘मिळवलेले’ असतात, बेताचे गुण ‘पडलेले’ असतात, आणि वर्ग थोडक्यात हुकला असेल तर ते कोणीतरी ‘कापलेले’ असतात. एकाच विद्यार्थ्याला एकाच दिवशी इतिहासात ७१ आणि अर्थशास्त्रात ३४ गुण मिळाले, तर इतिहासाच्या वाक्यात कर्ता तो स्वतः असतो आणि अर्थशास्त्राच्या वाक्यात परीक्षक. यात जाणूनबुजून केलेली लबाडी नसते. बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते की, आकडा बदलताच आपण वाक्याचा कर्ता बदलला.

परीक्षेतील आकड्यांना मराठीने ‘गुण’ हा शब्द योजला आहे. हिंदीत त्यांना ‘अंक’ म्हणतात, आणि अंक म्हणजे निव्वळ आकडा. ‘गुण’ म्हटले की माणसाच्या अंगचे चांगुलपण, त्याची योग्यता, असा अर्थ मनात आपोआप उभा राहतो. ज्याला गुण कमी, तो गुणांनीच कमी, असा समज होण्यास मग फारसा वेळ लागत नाही. गीतेच्या वाचकाला या शब्दाचा तिसराही अर्थ परिचित आहे. सर्व कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून घडत असतात, आणि अहंकाराने ज्याची बुद्धी झाकली गेली आहे तो मात्र ती आपणच केली असे मानतो, असे तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. निकालाच्या दिवशी दिसणारा अहंकार याहूनही चमत्कारिक म्हटला पाहिजे. कारण तो लाभापुरते कर्तृत्व घेतो आणि हानीपुरते अकर्तृत्व. परीक्षेकडे विद्यार्थी कोणत्या दृष्टीने पाहतो, ही त्यामुळे केवळ अभ्यासाच्या सोयीची गोष्ट राहत नाही. ती दृष्टी त्याच्या विद्येला आकार देते आणि त्याच्या स्वभावालाही.

ही दृष्टी विद्यार्थ्याने आपल्या मनाने बनवलेली नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. भारतातील आधुनिक विद्यापीठांचा जन्मच परीक्षेच्या पोटी झाला. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर. लंडनचे विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवीत नसे. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे, एवढेच त्याचे कार्य होते. येथेही तसेच झाले. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे, आणि विद्यापीठाने ते किती झाले याची मोजणी करावी, अशी ती वाटणी होती. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हा ती पद्धत सर्वस्वी निष्फळ होती असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु रानडे परीक्षेमुळे घडले की परीक्षा असूनही घडले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. स्वतः अध्यापन करण्याचा मार्ग या विद्यापीठांना १९०४ च्या कायद्याने मोकळा झाला. तोवर जवळजवळ अर्धे शतक उलटून गेले होते, पदवी आणि सरकारी नोकरी यांची सांगड पक्की बसली होती, आणि विद्यापीठ म्हणजे परीक्षा ही समजूत दोन पिढ्यांच्या मनात मुरली होती.

स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९४९ साली आपला अहवाल दिला. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांचीच असावी, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय होता. त्यानंतर पुष्कळ काही बदलले. सत्रपद्धती आली, अंतर्गत मूल्यमापन आले, गुणांच्या जोडीला श्रेणी आणि श्रेयांक आले. निकाल फलकावर लागत असे, तो आता हातातल्या मोबाइलवर येतो. वर्षाकाठी एकदा येणारी परीक्षा दोनदा येऊ लागली, आणि तिच्या मध्ये चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणे यांची दाटी झाली. निकालाच्या दिवशीचे व्याकरण मात्र होते तसेच राहिले.

आता, जो आकडा विद्यार्थी आपल्या योग्यतेचा निवाडा म्हणून कपाळी लावून घेतो, तो आकडा कितपत विश्वासार्ह असतो? या बाबतीत एक जुनी चौकशी प्रसिद्ध आहे. फिलिप हार्टॉग हे कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सदस्य आणि १९२० पासून ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, म्हणून भारतीय शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव अपरिचित नाही. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी रोड्स यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि १९३५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी निवडल्या. त्या सर्वांना मूळ परीक्षेत एकसारखेच मध्यम गुण मिळालेले होते. १४ अनुभवी परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या, आणि वर्ष-दीड वर्षाने, पहिले गुण पुढे नसताना, त्याच परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. एकंदर २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या खेपेस बदलले. ज्याला पूर्वी नापास केले होते तो पास झाला, ज्याला विशेष श्रेणी दिली होती तो साधा पास ठरला. दोन परीक्षकांचे एकमत होत नाही हे सर्वांना ठाऊक होते. एका परीक्षकाचे स्वतःशीही एकमत होत नाही, हे या चौकशीने दाखवले. त्या परीक्षकांत कोणी आळशी किंवा अप्रामाणिक होते असे मानण्याचे कारण नाही. मनुष्याच्या मनाने मनुष्याच्या लेखनाचे माप घेणे हे कामच तसे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. निकालपत्रकाला ही कारणे लावून पाहण्यासारखी आहेत. ज्या शरीराने परीक्षा दिली त्याची त्या दिवशीची प्रकृती, परीक्षा देणारा स्वतः, स्मरण, हस्ताक्षर, पुस्तके, शिक्षक ही साधने, वर्षभरातला खटाटोप, आणि नेमके कोणते प्रश्न आले व उत्तरपत्रिका कोणाच्या गठ्ठ्यात गेली, हे दैव. या पाचांपैकी एकट्या स्वतःलाच जो कर्ता समजतो त्याची समज कच्ची आहे, असे तेथे म्हटले आहे. ७१ गुण ‘मिळवणारा’ त्या समजेत सापडतो, हे उघड आहे. पण ३४ गुणांसाठी परीक्षकाला एकट्याला कर्ता ठरवणाराही तीच चूक करतो. फक्त पाचांतले निवडलेले एक कारण वेगळे असते. आणि कमी गुण पाहून ‘माझ्यातच काही नाही’ असे म्हणत खोलीचे दार लावून घेणारा तिसरा विद्यार्थी, जो नम्र वाटतो, तोही पहिल्याचाच सख्खा भाऊ आहे. नम्रतेच्या वेषात त्यानेही सगळे कर्तृत्व एकट्याच्या माथी घेतले.

येथे एक शंका येण्यासारखी आहे. निकाल आपल्या हाती नाही असे एकदा ठरले की विद्यार्थी अभ्यास तरी कशाला करील? फळाची आशा धरू नये हे वचन आळसाच्या समर्थनासाठी जितके वापरले गेले आहे, तितके क्वचितच दुसरे कशासाठी वापरले गेले असेल. वसतिगृहांतून तर ते परीक्षेच्या आदल्या रात्री फार ऐकू येते. पण हे समर्थन टिकत नाही. पाच कारणांत कर्ता आहे, करण आहे, चेष्टाही आहेत. म्हणजे तीन कारणे बहुतांशी विद्यार्थ्याच्या आटोक्यातली आहेत. फळावरचा अधिकार काढून घेताना गीतेने कर्मावरचा अधिकार काढून घेतलेला नाही, उलट तो पक्का केला आहे. आणि कर्म न करण्याकडे ओढ असू नये, हेही त्याच ठिकाणी बजावले आहे. आदल्या रात्री या वचनाचा आधार घेणाऱ्याने बहुधा त्याचा उत्तरार्ध वाचलेला नसतो.

परीक्षेविषयीची वृत्ती प्रत्यक्ष अभ्यासात कशी उतरते, याचा शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी घेतला. एडिंबरो येथील विद्यार्थ्यांशी बोलून मिलर आणि पार्लेट यांनी १९७४ साली तीन प्रकार नोंदवले. पहिल्या प्रकारचे विद्यार्थी परीक्षेचा माग काढत फिरत. कोणता प्राध्यापक प्रश्नपत्रिका काढणार, बाहेरच्या परीक्षकाला कशाची आवड आहे, हे ते गप्पागप्पांतून काढून घेत. दुसरे असे की, वर्गात सूचक शब्द कानी पडला तर तो टिपून ठेवत, पण मुद्दाम शोधायला जात नसत. तिसऱ्यांना या कशाचाच पत्ता नसे. मन लावून अभ्यास केला म्हणजे झाले, असे ते समजत. आणि गुण सर्वांत चांगले पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना मिळाले. ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांवर आणि मार्गदर्शिकांवर वाढलेल्या भारतीय विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही.

ही गोष्ट नीतिविचाराला अडचणीची आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माग काढणारा विद्यार्थी चोरी करत नाही. तो कोणताही नियम मोडत नाही. जगात पुढे त्याला हीच चतुराई उपयोगी पडेल, असेही म्हणता येईल. मग त्याचे चुकते कोठे? त्याचे चुकतेच असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र परीक्षकाच्या मनात काय आहे याचा वेध घेण्यात जी बुद्धी तीन वर्षे खर्च होते, ती विषयात काय आहे याचा वेध घेण्यास हळूहळू नाखूष होऊ लागते, आणि हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मार्टन आणि सॅल्ये यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने फार बोलके आहेत. विद्यार्थ्यांना एक लेख वाचण्यास दिला असता काही जण लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधत वाचत, तर काही जण पुढे विचारले जाईल ते आठवले पाहिजे म्हणून शब्द धरून ठेवत. आधीच्या मजकुरावर बारीकसारीक तपशिलांचे प्रश्न विचारले गेले, की पुढील मजकूर विद्यार्थी तपशिलांसाठीच वाचू लागले. यावर उपाय म्हणून दुसऱ्या गटाला अर्थाचे प्रश्न विचारले. तेथे काही जण खरोखर अर्थात शिरले. पण काहींनी एक सोपी वाट शोधून काढली. मुद्द्यांची यादी सांगता आली म्हणजे झाले, हे ओळखून ते तेवढ्याचसाठी वाचू लागले. प्रश्न कितीही खोल विचारा, ज्याची दृष्टी प्रश्नावरच खिळली आहे तो त्या खोलीचाही सारांश करून पाठ करतो. ज्यांना केवळ प्रश्नपत्रिका बदलून शिक्षण बदलेल असे वाटते, त्यांनी हा अनुभव विसरू नये.

नक्कल करणाऱ्याविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. ‘त्यात कोणाचे काय गेले?’ असे विचारले जाते. गुणांवरून जेथे प्रवेश आणि नोकऱ्या वाटल्या जातात, तेथे एकाने अन्यायाने चढलेली पायरी दुसऱ्याच्या पायाखालून गेलेली असते, एवढे उत्तर त्या प्रश्नास पुरेसे आहे.

परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची एक फार प्राचीन कथा छांदोग्य उपनिषदात आहे. आरुणीचा पुत्र श्वेतकेतू पांचालांच्या सभेत गेला. राजा प्रवाहण जैवली याने त्याला, वडिलांकडून तुझे शिक्षण झाले आहे काय, असे विचारले. झाले आहे, असे उत्तर मिळताच राजाने पाच प्रश्न केले. येथून गेलेले जीव कोठे जातात? ते परत कसे येतात? देवयान आणि पितृयान हे मार्ग वेगळे कोठे होतात? परलोक कधीच भरून कसा जात नाही? आणि पाचव्या आहुतीच्या वेळी जलाला पुरुष ही संज्ञा कशी प्राप्त होते? पाचांपैकी एकाचेही उत्तर त्या तरुणाला आले नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याने आपले शिक्षण झाले असे म्हणावेच कसे, असे राजाने सुनावले. श्वेतकेतू खिन्न होऊन घरी आला आणि वडिलांवर रागावला : मला न शिकवताच शिकवले असे तुम्ही सांगितलेत! राजाचा उल्लेखही त्याने हलक्या शब्दाने केला. निकालाच्या दिवशीचे सारे व्याकरण या चार वाक्यांत आढळते. दोष शिक्षकाचा, दोष परीक्षकाचा, आणि परीक्षक मुळात आपल्या योग्यतेचा नव्हेच.

वडिलांनी ते पाचही प्रश्न ऐकून घेतले आणि सरळ सांगितले की, यांतल्या एकाचेही उत्तर मलाही माहीत नाही. माहीत असते तर तुझ्यापासून का लपवून ठेवले असते? म्हणजे प्रश्न तेच, आणि त्या परीक्षेत पित्याला मिळालेले गुणही पुत्राइतकेच : शून्य. बृहदारण्यकात हीच कथा आली आहे, तेथे पिता मुलाला म्हणतो की, चल, आपण दोघेही तेथे जाऊन शिष्य होऊन राहू. मुलगा म्हणतो, आपणच जावे. एकाला त्या शून्यात आपला अपमान दिसला, दुसऱ्याला अजून शिकायचे राहिले आहे ही बातमी दिसली.

येवढ्यावरून श्वेतकेतू हा स्वभावतःच हट्टी शिष्य होता असे समजू नये. त्याच उपनिषदाच्या पुढच्या अध्यायात तो पित्यापाशी बसून वडाचे बी फोडतो, आत काय दिसते असे विचारल्यावर काहीच दिसत नाही असे निःसंकोचपणे सांगतो, आणि आणखी समजावून द्या अशी पुनःपुन्हा विनंती करतो. परक्या सभेत, चारचौघांसमोर विचारलेल्या प्रश्नाने ज्याचे मन मिटले, तेच मन घरी उमलले. परीक्षेकडे पाहण्याची वृत्ती ही परीक्षा घेणाऱ्यावरही पुष्कळशी अवलंबून असते, ही गोष्ट अध्यापकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

परंतु पित्यासारखी शांत वृत्ती सर्वांना परवडेल काय? आरुणी हा प्रतिष्ठित गृहस्थ होता. पाच प्रश्न चुकल्याने त्याच्या घरची चूल विझणार नव्हती. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी विद्यापीठाची पायरी चढते, ज्यांच्यासाठी बापाने जमीन गहाण टाकलेली असते, त्यांच्या दृष्टीने गुण म्हणजे भाकरी असते. शिष्यवृत्ती टक्क्यांवर, वसतिगृहातील जागा टक्क्यांवर, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणेही टक्क्यांवर. अशा विद्यार्थ्याला निकालाविषयी उदासीन राहा असे सांगणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या सर्वांचे कारण परीक्षा हेच नव्हते. घर, आजार, प्रेमभंग अशी अनेक कारणे असतात, आणि कित्येकदा ती एकमेकांत गुंतलेली असतात. तरीही हा आकडा समोर असताना परीक्षेविषयीच्या वृत्तीची चर्चा कोरड्या उपदेशाने संपवणे कोणाही सहृदय माणसास शक्य होणार नाही.

येथे पुन्हा श्वेतकेतूकडेच वळावे लागते. मन हे अन्नमय आहे असे पित्याने त्याला सांगितले, आणि ते पटावे म्हणून एक परीक्षा घेतली. पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी हवे तेवढे पी, असे सांगितले. सोळाव्या दिवशी मुलगा आला तेव्हा पित्याने त्याला वेद म्हणण्यास सांगितले. बारा वर्षे अध्ययन केलेल्या त्या विद्यार्थ्याला एकही ऋचा आठवेना. पिता रागावला नाही. मोठा अग्नी विझून काजव्याएवढा निखारा उरावा, तसे तुझे झाले आहे, असे म्हणून त्याने त्याला जेवायला पाठवले. जेवून आल्यावर जे जे विचारले ते ते सर्व त्याने सांगितले. विद्यार्थी तोच, वेद तेच, परीक्षकही तोच. सकाळच्या निकालावरून कोणी त्याची योग्यता ठरवली असती तर केवढा अन्याय झाला असता! आणि आजही कित्येक निकाल भुकेच्या सकाळचेच असतात. दिवसा काम करून रात्री अभ्यास करणाऱ्याची, घरातील सगळे काम उरकून महाविद्यालय गाठणाऱ्या मुलीची, शहरात येऊन नवी भाषा आणि नवा विषय एकदमच शिकणाऱ्याची उत्तरपत्रिका याच दृष्टीने वाचली पाहिजे. गुण त्यांनाही इतरांप्रमाणेच मिळावेत, वाढवून नव्हे. पण त्या गुणांवरून त्यांच्या बुद्धीचा निवाडा करू नये, आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्वतः तो करू नये. गुणांची गरज असणे ही आसक्ती नव्हे. भाकरीसाठी राबणारा शेतकरी पावसावर रुसून शेत टाकून देत नाही, आणि एका वर्षी पीक बुडाले म्हणून आपण शेतकरीच नव्हतो असेही समजत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेल्या निर्णयाने विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य झाला आहे. हा निर्णय योग्यच होता. दीडशे वर्षे जी उत्तरपत्रिका एकदा हातातून गेली की गेली, ती परत पाहता येऊ लागली. पण छायाप्रत हाती आल्यावर विद्यार्थी तीत काय पाहतो? बहुधा बेरीज. एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे काय, कोठे अर्धा गुण निघण्यासारखा आहे काय, हे तो बारकाईने पाहतो, आणि तसे पाहण्यात गैर काही नाही. आपले तिसरे उत्तर मुळातच का फसले, हा प्रश्न मात्र क्वचितच त्याच्या मनात येतो. त्याचा सर्व दोष त्याला देता येत नाही, कारण त्या पानावर परीक्षकाने आकड्याखेरीज काही लिहिलेलेच नसते. इस्रायलमध्ये शाळकरी मुलांवर रूथ बटलर यांनी केलेला आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. काहींना केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरा दिला, काहींना दोन्ही. पुढील कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरा मिळालेल्यांत. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांचे वर्तन केवळ गुण मिळालेल्यांसारखेच राहिले. आकडा दिसला की डोळे पुढे सरकतच नाहीत.

आणि तरीही परीक्षा हीच विद्येची वैरीण आहे असे म्हणणे खरे होणार नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली असे दाखवले की, एखादा उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या तो अधिक दिवस ध्यानात राहतो. लगेच विचारले तर वाचणारे पुढे असतात. आठवड्याने विचारले तर आठवून पाहणारे पुढे जातात. पाठशाळांतील गुरुजींना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. पुस्तक मिटून स्वतःला विचारलेला प्रश्न हीदेखील परीक्षाच असते, किंबहुना ‘परीक्षा’ या शब्दाचा सगळीकडून पाहणे हा मूळ अर्थ तेथेच पुरेपूर लागू पडतो. तिचा निकाल कोठेही लागत नाही, म्हणून तिच्यात कर्ता बदलण्याचे कारणही पडत नाही. येत नाही ते येत नाही, एवढेच कळते, आणि पान पुन्हा उघडले जाते. ज्याने अशा शंभर परीक्षा आपल्याशीच दिल्या आहेत, त्याला विद्यापीठाची परीक्षा एकशे एकावी वाटते. तिची काळजी त्यालाही असतेच; धास्ती मात्र कमी असते.

श्वेतकेतू घरी राहिला आणि त्याचा पिता एकटाच पांचालांच्या राजाकडे गेला. राजाने त्याचा आदर केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत, मनुष्याला हवे असते असे कोणतेही धन मागून घ्या, असे म्हटले. वृद्ध आरुणीने उत्तर दिले की, धन आपल्यापाशीच असू द्या. माझ्या मुलाला आपण जे विचारलेत, तेवढे मला सांगा. राजा संकोचात पडला. ही विद्या त्यापूर्वी कोणा ब्राह्मणाकडे गेलेली नव्हती. त्याने त्याला बरेच दिवस तेथे राहण्यास सांगितले. तो राहिला. मग राजा सांगू लागला, आणि त्याने आरंभ केला तो पाचव्या प्रश्नापासून.